जिभेचं गाव

आणीबाणीचं दुसरं वर्ष. दर गुरुवारी संध्याकाळी नव्या पेठेतल्या परमिट रूममध्ये प्राध्यापक हत्तुरे ग्लास बाजूला सारून आम्हाला बोलीभाषेविषयी सांगायचे. राजकारण सोडून काय वाटेल ते बोला, एवढीच मालकाची अट.

त्या दिवशी सर रंगात आले. "माणूस नाव बदलेल, कपडे बदलेल, जिभेचं काय करणार? तोंड उघडा, गाव सांगतो."

एक जण अक्कलकोटचा निघाला, दुसरा वळसंगचा. टाळ्या पडल्या. मग सर कोपऱ्यातल्या कुंडलिककडे वळले. तो महिन्याभरापासून येत होता, पण बोलायचा नाही.

"आमी मंद्रूपचं हाय की," तो घाईघाईनं म्हणाला.

"मग एवढे घाबरता का?"

"घाबरू काहून?"

सरांनी टेबलावर थाप मारली. "सापडलात! हे 'काहून' मंद्रूपात कुणाच्या तोंडी नाही. तुम्ही पक्के अमरावतीकडचे!"

आम्ही खदखदून हसलो. कुंडलिक तेवढा हसला नाही.



शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस भरलेला ग्लास तसाच ठेवून उठला. "लई उपकार झाले, सर. अमरावतीचाच माणूस हुडकत होतो की आमी."