तीन मिनिटं वीस सेकंद

"ताई, माझ्या हातात असतं तर गाडी तुमच्या दारात नेऊन उभी केली असती," गार्ड म्हणाला. "पण नाही ना ते हातात!"

बाईंनी त्याच्या केबिनचं दार काही सोडलं नाही. पन्नाशीच्या असाव्यात. केस विस्कटलेले, खांद्यावरची पिशवी कोपरापर्यंत घसरलेली आणि सगळा जीव डोळ्यांत येऊन बसलेला.

गाडी सतरा मिनिटं लेट होती. पंधराच्या वर गेली की मधले चार छोटे थांबे रद्द, हा कंपनीचा सोमवारपासूनचा नवाकोरा नियम. थांबायचंच नाही, धडधडत निघून जायचं! म्हणजे शेवटच्या स्टेशनात गाडी वेळेवर, आणि कंपनी मिरवायला मोकळी. थांब्यावरची माणसं बसली हात चोळत.

बाईंना उतरायचं होतं टेकडीला. चारांतला तिसरा थांबा.

"आई तिथे बाकावर बसलीये," त्या म्हणाल्या. "तिला आता माझं नावसुद्धा आठवत नाही. पण शुक्रवारी मी या गाडीनं येते, एवढं डोक्यात पक्कं आहे. मागे एकदा मी आले नाही, तर रुळांवर उतरून गाडीच्या मागे चालत सुटली. नदीच्या पुलाच्या तोंडाशी सापडली हो!"

तो पूल म्हणजे नुसत्या पट्ट्या आणि खाली पाणी.

"घरी कुणी नाही?"

"सांभाळणारी पाचला जाते. शेजारी फोन उचलत नाहीत."

एव्हाना अर्धा डबा भोवती जमला होता.

"अहो, थांबवा की! म्हातारं माणूस आहे!"

"ज्यानं हा नियम काढला ना, त्यालाच नेऊन बसवा त्या बाकावर!"

"त्याला कुठली आई! कारखान्यात तयार झाला असेल!"

लोक हसले. बाईंनी मान खाली घातली. गार्डला त्या हसणाऱ्यांचाच राग आला.

त्यानं कंट्रोल रूमला फोन लावला. त्या फोनमधला आवाज असा दणदणीत, की केबिनमध्ये कुणालाही ऐकू यावा.

"नाही म्हणजे नाही," कंट्रोलवाला म्हणाला. "एक थांबा म्हणजे तीन मिनिटं गेली."

"तीन मिनिटं वीस सेकंद," बाई पुटपुटल्या.

रोजचे प्रवासी असेच, गार्डच्या मनात आलं. आपल्यापेक्षा यांनाच जास्त पाठ.

"अरे, म्हातारीच्या जिवाचा प्रश्न आहे," त्यानं पुन्हा सांगून पाहिलं.

"मला का कात्रीत पकडतोस, बाबा? मला अधिकार नाही." फोन बंद.

पहिला थांबा मागे गेला. लगेच दुसरा.

"ते लाल बटण दाबलं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ड्रायव्हरकडे नुसता दिवा लागतो. तो थांबणार पुढच्या मोठ्या स्टेशनात. पुलाच्या पलीकडे."

बाईंनी गार्डचं मनगट धरलं. "मला बोलू द्या त्यांच्याशी. एकदाच."

"प्रवाशानं या फोनला हात लावला तर माझी नोकरी जाईल, ताई."

"पाया पडते तुमच्या." आणि त्या खरंच वाकल्या.

गार्डच्या थोरल्या बहिणीएवढी बाई! तो दचकून मागे सरला. गेली तर गेली नोकरी. त्यानं पुन्हा फोन लावला आणि सरळ त्यांच्या हातात दिला.

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या. एवढंच. नाव नाही, गाव नाही.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मॅडम? तुम्ही... गाडीत आहात?"

"टेकडीला थांबवा. माझी आई आहे तिथे."

खिडकीत टेकडी आली, मग फलाटाचं टोक. बाकावरून कुणीतरी लगबगीनं उठलं आणि लहान मुलीसारखा हात हलवू लागलं.

"मॅडम," कंट्रोलवाला रडकुंडीला आला होता, "नियमाचा कागद समोरच लावलाय. खाली तुमची सही आहे. 'कुणाचाही फोन आला, अगदी माझा आला, तरी गाडी थांबवायची नाही.'"