डब्याचं दूध

ताडकळसच्या बाजारात, चावडीपुढच्या कडुलिंबाखाली, कमलबाई ग्रामसेविकेनं लेकरं तोलायला काटा टांगला होता. सगळ्यांत गुटगुटीत भरला तो दैवशालाचा वर्षाचा पोरगा. इनामाची पितळी वाटी हातात पडताच पठ्ठ्यानं ती तोंडात घातली.

"आता सगळ्या बायांना सांगा," कमलबाई म्हणाल्या, "ह्याला काय खाऊ घालता?"

दैवशाला विचारात पडली. सरकारी बाईपुढं आंबील म्हणायचं? ते तर गरिबाघरचं खाणं. शेवग्याच्या पाल्याचं तर तिनं शेजारणीलाही कधी कळू दिलं नव्हतं. मागं पूर्णेच्या एका दुकानात तिनं एक डबा पाहिला होता, वर गोऱ्यापान बाळाचं चित्र असलेला.

"डब्याचं दूध," ती म्हणाली. "अन् बिस्कुटं."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. पुढंच पारूबाई बसली होती. तिची लेक दोन वर्षांची, पण हातापायाच्या नुसत्या काड्या; काट्यावर सगळ्यांत हलकी तीच भरली होती. पारूबाईनं लेक काखेला मारली आणि तडक झाडापलीकडं गेली. तिथं तिची दुभती शेळी बांधलेली होती. लेक त्या दुधावरच तग धरून होती, म्हणून बाजारालाही शेळी संगं आणावी लागे. सकाळपासून एक व्यापारी त्या शेळीवर डोळा ठेवून होता. पारूबाईनं दावं सोडून त्याच्या हातात दिलं.

"न्या आजच. लेकराला डब्बा घ्यायचाय."

 पोराला कडेवर घेऊन दैवशाला बायांमधून वाट काढत धावली.

"पारूबाई, नगा इकू! म्या खोटं बोलले!"

अर्धा बाजार वळून बघू लागला. आता माघार घेऊन तरी कुठं जाणार होती?

"डब्बा म्या नुसता पाह्यलाय व माय. ह्यो आंबिलीवर वाढलाय. ज्वारीचं पीठ अन् ताक. वरणात शेवग्याचा पाला. अन् शेळीचं दूध. सांगायची लाज वाटली."

बाया खो खो हसल्या. दैवशालाला रडू फुटलं. कमलबाई मात्र घाईघाईनं वहीत लिहू लागल्या होत्या.

पारूबाई हसली नाही. "शेवगा तर माझ्या दारात हाय," ती हळूच म्हणाली. "समदा पाला ह्या शेळीलाच घालते मी."

तिनं व्यापाऱ्याच्या हातातून दावं ओढून घेतलं. दैवशालानं डोळे पुसले, पोराच्या तोंडातून वाटी सोडवली आणि पारूबाईच्या लेकीसाठी शेळीखाली धरली. इनाम गेलं म्हणून पोरानं बाजार डोक्यावर घेतला. पारूबाई खाली बसली आणि धार काढू लागली.