उसनी ओळख

"आमच्या घरी जेवायला बसलं की खिडकीतून अख्खं गाव आमच्याकडे बघून हसायचं," लांबू म्हणाला. "कारण माझे बाबा कवळ्या बनवतात, आणि त्या धुऊन वाळत ठेवायला आमच्याकडे तेवढी एकच खिडकी आहे."

वर्गात हशा पिकला. शेवटच्या बाकावर पुटपुटीचे ओठ लांबूच्या बरोबरीने हलत होते. वाक्य तिचं होतं. खिडकी तिची होती, आणि बाबाही तिचेच होते. लांबूचे वडील बसमध्ये तिकिटं तपासत, आणि त्यांच्या खिडकीत वाळायचा तो फक्त गणवेश.

भानगड अशी होती. कॉलेजच्या वार्षिक अंकाला संपादक हवा होता. ज्याला व्हायचंय त्याने वर्गासमोर दोन मिनिटांत स्वतःची ओळख करून द्यायची, असं भाषेच्या सरांनी जाहीर केलं. ज्याला स्वतःला मांडता येत नाही तो दुसऱ्यांचं काय छापणार, असं त्यांचं म्हणणं. पुटपुटीला संपादक व्हायचं होतं, अगदी जीव टाकून व्हायचं होतं. पण ते तिने कुणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं. तिने कुणाला काहीच मोठ्याने सांगितलेलं नव्हतं. नाव काय उगाच पडतं?

होस्टेलमध्ये मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की हिला लिहिता येतं आणि नाही म्हणता येत नाही. जो तो तिच्याकडे ओळख लिहून मागायला आला. दुसऱ्याच्या नावावर लिहायचं म्हटलं की तिचा हात असा सुटायचा की विचारू नका. अडचण एवढीच की या मंडळींच्या घरचं तिला काडीचंही माहीत नव्हतं. हाताशी आयुष्य होतं ते एकच, स्वतःचं. तिने ते वाटून टाकलं. लांबूला बाबा दिले, रूममेटला आत्या दिली, वर्गप्रतिनिधीला शाळेच्या नाटकातली आपली फजिती दिली. स्वतःसाठी उरलं ते असं: जन्म, शाळा, टक्केवारी, छंद वाचन. आपले प्रतिस्पर्धी इतक्या प्रेमाने तयार करणारा दुसरा उमेदवार जगात सापडायचा नाही.

"एकदा बाबांनी हेडमास्तरांची कवळी बँडवाल्याला दिली आणि बँडवाल्याची हेडमास्तरांना," लांबू शेवटाकडे आला. "दुसऱ्या दिवशी सगळी शाळा पटांगणात उभी. हेडमास्तरांनी भाषणाला तोंड उघडलं... धन्यवाद!"

टाळ्या पडल्या. पुटपुटीचे कान गरम झाले. एवढ्या टाळ्या आपल्याला कधी मिळाल्या नव्हत्या, आणि याही तशा मिळाल्या नव्हत्याच.

मग रूममेट उभी राहिली. "माझी आत्या रेडिओवरच्या बातम्यांशी भांडते आणि निवेदक थांबला की म्हणते बघ गप्प बसवला," हे तिने एका दमात उरकलं. लोक अर्धेच हसले. अगं, मध्ये थांबायचं होतं ना जरा! पुटपुटीने बाकाची कड घट्ट धरली.

वर्गप्रतिनिधीने झाडाची गोष्ट सांगितली. नाटकात झाडाची भूमिका मिळाली, पडदा उघडला, प्रेक्षक दिसले आणि झाड पळून गेलं. बाकं वाजली. पण गड्याला राहवलं नाही. "तर मित्रहो, आयुष्यात कधी पळायचं नसतं," असं त्याने पदरचं जोडलं आणि सगळा हशा विझवून टाकला.

आता मात्र पुटपुटी भडकली. कुणी तिला धक्का मारला तरी तीच माफी मागायची, आणि इथे एका जोडलेल्या वाक्यासाठी तिला त्या मुलाची मानगूट धरावीशी वाटत होती. वाक्य आपलं असल्याशिवाय असा राग येत नाही, हे तिला कळलं. रागातसुद्धा तिला फार बरं वाटलं.

सरांनी तिचं नाव पुकारलं. ती पुढे गेली. हातातल्या कागदावरचं 'छंद वाचन' एकदा वाचलं आणि कागद मुठीत चुरगाळला.

"माझे बाबा कवळ्या बनवतात," ती म्हणाली.

वर्गात हशा फुटला. "चोर, चोर!" मागून कुणीतरी ओरडलं. लांबू बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागला.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे मघाशी झालं. दुसऱ्याचे वडील उचलून आणलेस? बस खाली. उचलेगिरी करणारा संपादक मला नको." त्यांनी यादीतलं तिचं नाव खोडायला पेन्सिल उचलली.

पुटपुटीचा आवाज निघाला, आणि तो शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"सर, हेडमास्तरांनी तोंड उघडलं तेव्हा आधी दात बाहेर आले आणि शब्द मागून. कुणी हसलं नाही. हसायची कुणाची छाती होती! त्यांनी कवळी उचलली, रुमालात बांधली आणि तडक आमच्या दुकानात आले. बाबा गल्ल्यामागे उभे होते. समोर बँडवाला आधीच येऊन बसलेला, तोंडात हेडमास्तरांचे दात घालून. हेडमास्तरांना बघितल्यावर तो सवयीने हसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून बाबांकडे पाहिलं."

ती थांबली. जिथे थांबायचं असतं तिथेच थांबली. सरांची पेन्सिल तशीच वर राहिली होती.

"दोन मिनिटं झाली, सर," असं म्हणून ती शांतपणे जागेकडे चालू लागली.

लांबू ताडकन उभा राहिला.

"अगं, अशी काय करतेस! मग पुढे काय झालं माझ्या बाबांचं?"