तिसऱ्या गल्लीच्या पुढे

"चालला की पडला? एका शब्दात सांग," साहेब म्हणाले.

मोजणीवालीने हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला. ऑफिसात तिला सगळे मोजणीवालीच म्हणत. कोणता खेळ किती जणांनी घेतला, किती वेळ खेळला, कुठे सोडला, हे सगळं तिच्याच पडद्यावर उमटायचं.

आजचा खेळ मात्र तिच्या घरचा होता. वीस वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी तो एकट्याने बनवला होता, टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्रासाठी. धुक्यात बुडालेलं एक गाव. लांब काठी घेतलेला एक माणूस. त्याने घरोघरचे दिवे विझवत जायचं. शत्रू नाहीत, गुण नाहीत, घाई नाही. सात गल्ल्या, असं खोक्यावर छापलेलं, आणि खाली एक ओळ: शेवटच्या घरी काय आहे, ते स्वतःच पाहा.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीने तो फोनवर आणला. आणणाऱ्यांनी जुना खेळ जसाच्या तसा उचलून फोनच्या पोटात ठेवला. आत डोकावण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. तपासणाऱ्याने 'पूर्ण खेळला, ठीक' असा शेरा मारून सही ठोकली. त्या दुपारी त्याच्या गालावर कीबोर्डचे चौकोन उमटले होते, पण गालाकडे कोण बघतो?

विक्री बरी होती. खेळण्याचा वेळ तर अचाट होता, माणशी सात तास. पहिल्याच आठवड्यात ऑफिसने केक कापला होता. पण साहेब जुने खेळाडू. त्यांची अट ठरलेली असे. "विकत घेतात ते कुतूहल. शेवट गाठतात ते प्रेम. शंभरातले दहा जण शेवटच्या घरी पोचले, तर खेळ चालला." चालला, तर बाबांना दुसरा खेळ करायला मिळणार होता. नाहीतर हाही दुकानातून उतरणार होता.

उलट्या कागदावर गल्लीगणिक आकडे होते. पहिल्या गल्लीत शंभरातले शंभर. दुसरीत नव्वद. तिसरीत चाळीस. चौथीत शून्य.

सात तासांचं कोडं तिला खेळणाऱ्यांच्या अभिप्रायांनीच सोडवून दिलं होतं. "पाच तारे. पुढे काय होतं ते माहीत नाही." "डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या." "आता नवऱ्याचं घोरणंसुद्धा ऐकू येत नाही." लोक खेळत नव्हते. झोपत होते. उशाशी फोन तेवत राहायचा, धुकं हलत राहायचं, आणि काठीवाला तिसऱ्या गल्लीत उभ्या उभ्या सकाळ करायचा.

तिला हसूही आलं होतं आणि रडूही. शेवट तिनेही कधी पाहिला नव्हता. या आठवड्यात भर दुपारी, आपल्याच टेबलापाशी, तिने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा जाग आली ती मान आखडल्यामुळे.

"अगं, बोल की."

तिला बाबा दिसले. रोज संध्याकाळी ती चपला काढत असतानाच ते विचारायचे, "शेवटच्या घरापर्यंत गेलं का गं कोणी?" ती "अजून नाही" म्हणाली की हलकेच मान हलवायचे आणि वहीत तोंड खुपसायचे.

"चालला," ती म्हणाली. "शंभरात बारा पोचले." जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"वा!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "मग जाहिरातीत तेच घर झळकू दे. उद्या त्याचं चित्र घेऊन ये."

ती घरी आली तेव्हा ऊन कलून भिंतीवर चढलं होतं. बाबा खिडकीपाशी वही घेऊन बसले होते.

"गेलं का गं कोणी?"

"गेले, बाबा. शंभरात बारा जण."

पेन थांबलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. माणसाला आनंद पेलत नाही तो असा, तिला वाटलं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काय म्हणतात ते?" बाबांनी जपून विचारलं. "काय आहे म्हणे तिथे?"

याची तयारी तिने केली नव्हती. पण आता माघार कसली?

"लहानसं घर आहे," ती म्हणाली. भिंतीवरचं ऊन हळूहळू निवत होतं, आणि बोलता बोलता तिचाच आवाज खाली गेला. "दार उघडंच. मागच्या सगळ्या गल्ल्या अंधारात. तो दिवा विझवायला काठी वर करतो, तर आतून कुणीतरी म्हणतं, 'राहू दे तो. तुझ्यासाठीच लावलाय.'"

"मग?"

"मग तो काठी भिंतीला टेकवतो आणि आत जातो."

"आत कोण असतं?"

"ते दिसत नाही. नुसता आवाज येतो. ओळखीचा."

बाबा भराभरा लिहून घेत होते. म्हाताऱ्याला आपलंच कौतुक शब्दन् शब्द जपून ठेवायचंय, असं वाटून तिचे डोळे भरून आले. या माणसासाठी खोटं बोलल्याचा तिला मुळीच पस्तावा नव्हता.

"साहेबांना त्या घराचं चित्र हवंय उद्या," ती म्हणाली. "जुन्या कागदांत असेल ना?"

बाबांनी लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं. चेहऱ्यावर रंग परतला होता.

"सकाळपर्यंत काढून देतो," ते म्हणाले. "वीस वर्षं मला काही सुचलंच नाही गं, म्हणून तर तिसऱ्या गल्लीच्या पुढे मी काही बांधलंच नव्हतं."