टाकीची उंची

"सहाशे लिटरची टाकी आणि खाली स्टँड फक्त दोन वितींचा? दाजी, मांजराला मासे दाखवायचेत का?" माझा मेहुणा बोझो वाळू ओतताना म्हणाला.

"एवढीच उंची हवी."

"अहो, खाली फिल्टर मावत नाही!"

मी भिंतीला भोक पाडून नळ्या पलीकडे काढल्या आणि फिल्टर स्वयंपाकघरात ठेवला. गाळलेल्या पाण्यात मीठ कालवून आम्ही किनाऱ्यापासून दूरच्या ओसियेक शहरात समुद्र केला. खडक रचले, दिवा लावला. बोझो दमून पलंगावर टेकला.

"बसू नकोस, आडवा हो. विंकाच्या जागेवर."

त्याने बहिणीच्या उशीवर डोकं ठेवलं. पाणी बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"ताईने मोजलं होतं?"

"पलंगावरून हात सोडून, स्वतःच्या वितीने. म्हणाली, बेटावर जाणं आता व्हायचं नाही, तूच समुद्र इथे आण."

विंका गेली तेव्हा काचसुद्धा आली नव्हती.

बोझोने उशीवरूनच मान तिरकी करून खडकांमागे पाहिलं. मग म्हणाला, "दाजी, तो मधला खडक जरा डावीकडे घ्या. मागचं काही दिसायचं नाही तिला."