नवं सस्पेन्शन

विपुलची छत उघडणारी स्पोर्ट्स कार दिसायला देखणी, पण रोजच्या खड्ड्यांत मनस्वीच्या कंबरेचा भुगा व्हायचा. "स्पोर्ट्स कार अशीच कडक असते गं," म्हणत त्याने बायकोची तक्रार कायम उडवून लावली. आणि आता त्याने आपणहून सस्पेन्शन बदलून मऊ बसवायला गाडी गॅरेजला टाकली! उशिरा का होईना, नवऱ्याला आपलं दुखणं कळलं, म्हणून मनस्वी हरखली. त्याला सरप्राइज द्यायला गाडी आणायला एकटीच तळोज्याच्या त्या गॅरेजात गेली.

मेकॅनिकने हसून किल्ली पुढे केली.


"तुमी सायबांच्या बहीण ना? वहिनी परवा आल्या होत्या. त्यांना सांगा, सातव्या महिन्यातपन आता बिनधास्त बसा, पोटाला धक्का लागनार नाय."