राखेच्या पट्ट्याच्या वर

"हळू! हळू खरवड! तो काळा पट्टा दिसतोय ना, तीच आपल्या डोंगराची राख." चराच्या काठावर पालथा पडून केटिल खाली ओरडत होता.

"दिसतोय रे बाबा. डोळे आहेत मला," चिखलातनं हेर्डिस म्हणाली.

हेर्डिस शहरातनं आलेली. हिमयुगाच्या बर्फाखालून हे बेट वर आलं, तेव्हापासून इथं काय उगवलं नि काय मेलं, ते मातीच्या थरांत बघायचं हे तिचं काम. दरीत आज शपथेला झाड नाही. पूर्वी भूर्जाचं दाट रान होतं. तालुक्याची कमिटी म्हणत होती, रान मेंढरांनी खाल्लं, आता डोंगरावरचं कुरण त्यांना बंद. केटिल म्हणत होता, ज्वालामुखीचा डोंगर फुटला नि राखेनं रान मारलं. कुरण गेलं तर त्याला कळप विकावा लागणार होता. म्हणून त्यानंच हेर्डिसला बोलावून आपल्या जमिनीत चर खणायला लावला. वर भरसभेत बोलून बसला, "दोष मेंढरांचा निघाला, तर कुरणाच्या फाटकाला साखळी मी लावीन. माझ्या हातानं."

भूर्जाची साल राखेखालीच संपली, तर डोंगर गुन्हेगार. एवढा सोपा हिशोब.

हेर्डिसनं राखेच्या वरची माती खरवडली. पांढरी साल निघाली. आणखी वर पुन्हा साल.

"राख पडल्यावरही रान होतं, केटिल."

केटिलनं तपकिरीची चिमूट नाकाशी नेली नि तशीच सोडून दिली. "मग मेंढरंच म्हण की. लाजतेस कशाला?"

"दम धर जरा." तिनं एक ढेकूळ वर दिलं. "लेंड्या नि साल एकाच ढेकळात. चांगलं वीतभर हेच चाललंय. म्हणजे मेंढरं आल्यावरही रान कित्येक पिढ्या टिकलं."

तिची थापी आणखी वर सरकली नि काळ्यात रुतली. ही राख नव्हती. बोटं काळी करणारा कोळसा होता, जाडच्या जाड. त्यात भूर्जाचा एक बुंधा, कुऱ्हाडीनं तिरपा तोडलेला. त्याच्या वर नुसती वाळू.

"माणसांनी तोडलं," हेर्डिस म्हणाली. "तोडून कोळसा पाडला."

केटिल ताडकन उठला. "स्वावा, कॉफी टाक! मेंढरं निर्दोष सुटली!"

स्वैपाकघरात त्याच्या बायकोनं, स्वावानं, कॉफी ओतली, धुरावलेलं मटण कापून ठेवलं. हेर्डिसला काही चैन पडेना.

"एवढा कोळसा कशाला लागायचा पण? चुलीत तर तुम्ही वाळल्या लेंड्या घालायचात. हे मटणही त्याच धुरावरचं."

"कशाला म्हणजे?" केटिलनं भिंतीवरचा खापरपणजोबांचा लांब दांड्याचा विळा काढला. पाहुण्यांना तो त्याला हात लावू देत नसे. आज आपण होऊन तिच्या हातात दिला. "ह्याच्यासाठी! जुनं लोखंड मऊ. नुसत्या दगडावर धार टिकत नाही. कोळशात लालभडक करायचा, ठोकून पातळ करायचा. उन्हाळाभर, घरोघरी हेच. हा होता म्हणून गवत साठलं. नाहीतर त्या हिवाळ्यांत..."



"अडलास का? सांग की तिला," स्वावा कपबशा मांडत म्हणाली. "हिवाळाभर ते गवत कोण खायचं?"

खिडकीबाहेर त्याची म्हातारी मेंढी उभी होती. तोंडात गवताच्या काड्या. रवंथ करत त्याच्याकडेच बघत होती.

केटिलनं हेर्डिसच्या हातातला विळा घेऊन पुन्हा भिंतीला अडकवला. मग टोपी उचलली.

"स्वावा, साखळी कुठं ठेवलीस?"